जादा कागद

दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी सुनेच्या हातात पाकीट दिलं. आत दोन कागद, एक लागणारा आणि एक जादा. "बाळ तीन आठवड्यांचं झालं की कागद लंगोटात ठेवा, भिजला की वाळवून प्रयोगशाळेला पाठवा. रक्तातून आलेला दोष लघवीत दिसतो. वेळेत कळलं तर नुसत्या पथ्यावर मूल धडधाकट वाढतं."

सासूबाईंनी मान डोलावली. नर्सला बोलायचाच पगार मिळतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

तीन आठवड्यांनी सुनेने भिजलेला कागद वाळवायला त्यांच्या हातात दिला आणि सासूबाईंनी तो नाकाशी नेला. तोच वास. बंद कपाटात उंदीर फिरून गेल्यावर येतो तसा. त्यांच्या पहिल्या मुलाच्या अंथरुणाला नऊ वर्षं हाच वास होता. तो ना बोलला, ना चालला. गेला तेव्हा लोक म्हणाले, सुटला. सासूबाई पुढे कोणालाही सांगताना 'तापाने गेला' एवढंच सांगत.

आता धाकट्या लेकीचं लग्न जमत आलं होतं. या घराच्या सोयरिकी नात्यातल्या नात्यात, त्यामुळे एका घरात शिंकलं की सात घरांत ऐकू जायचं. रक्तात खोट आहे असं कागदावर आलं असतं तर लेकीला पत्करलं कोणी असतं? आणि पथ्याने कुठे अशी पोरं सुधारतात! त्यांचं तर कोणी सुधारलं नव्हतं.

तीन वर्षांची थोरली नात भांड्यावर बसली होती. ती उठताच सासूबाईंनी जादा कागद त्या भांड्यात बुडवला, वाळवला आणि पाठवून दिला. उत्तर आलं, दोष नाही. सुनेने ते आनंदाने कपाटाच्या दाराला चिकटवलं.

आठव्या महिन्यातही बाळ मान धरेना. डॉक्टर म्हणाले, "कागदावर लघवी स्वच्छ आली आहे, म्हणजे तो दोष नाही. दुसरं काही शोधू." सासूबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. लग्न झालं की सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. लग्न थाटात झालं. सांगायचं मात्र राहिलं, कारण आता उशीर का केला हेही सांगावं लागलं असतं.

दीड वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी पुन्हा तपासली आणि दोष सापडला. "पथ्य सुरू करू," ते म्हणाले, "पण मेंदूचं जे गेलं ते परत येणार नाही."

मुलगा बायकोवर खेकसला, "कागद तूच ठेवला होतास ना?"

"जाऊ दे रे," सासूबाई म्हणाल्या. "ओली बाळंतीण होती बिचारी, झाला असेल घोळ."

इतक्या मायेने म्हणाल्या की सुनेला रडू फुटलं. चूक आपलीच, हे तिने त्या दिवशी मान्य करून टाकलं.

पुढच्या वर्षी लेक तान्ह्या मुलाला घेऊन राहायला आली. सासूबाईंनी लंगोट बदलला, नाकाशी नेला आणि चपला उलट्या घालून प्रयोगशाळा गाठली. कागद ठेवून तो वाळायची वाट पाहिली नाही, ओला लंगोटच नेला. आठवडाभरात पोराचं पथ्य सुरू झालं.

वर्षभराने ते पोर घरभर धावत होतं. सून सतरंजीवर आपल्या धाकट्या लेकीला चमच्याने भरवत होती. अर्धा घास गालावरून ओघळत होता.

"आईमुळे वाचला गं वहिनी," नणंद कौतुकाने म्हणाली. "नुसत्या वासावरून ओळखलं तिने. तुझ्या पोरीच्या कागदालाही अगदी तसाच होता, असं तीच परवा बोलून गेली."

सुनेने चमचा वाटीत ठेवला.

"आई, तिचा कागद मी ओलाच तुमच्या हातात दिला होता," ती म्हणाली. "प्रयोगशाळेत तो कोणाचा गेला?"

सासूबाई नातवाच्या बुटाची नाडी बांधत होत्या. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.