गायकांच्या यादीतला दहावा

बारामतीच्या त्या ऑफिसात विस्कळीत हस्तलिखितं येत आणि नीटनेटक्या एक्सएमएल फायली होऊन बाहेर पडत. शब्दाशब्दाला टॅग लावायचा: हे गाव, हा माणूस, हा देव. टॅग बरोबर असले की सॉफ्टवेअर पानंही लावी आणि पुस्तकामागच्या याद्याही आपोआप करी. कळसचा नागेश या कामात सगळ्यांत चपळ होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

धनगरी ओव्यांचं हस्तलिखित आलं तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दहा गायकांत त्याचा बाप होता, बिरदेव. मेंढरांमागं गात हिंडलेला हा माणूस घशाच्या ऑपरेशननंतर जेमतेम कुजबुजायचा. ओव्या गोळा करणाऱ्या प्राध्यापकांनी मरण्याआधी त्याला शब्द दिला होता, "बिरदेवराव, तुमचं नाव छापून येणार." म्हातारा त्या शब्दावरच जगत होता. नागेशनं घरी अवाक्षर काढलं नाही. एकदम पुस्तकच आबांच्या हातात ठेवायचं होतं.

घाई नडली. ओव्यांत पानोपानी बिरदेव, म्हणजे धनगरांचा देव बिरोबा. एकेक कोण बघत बसणार? नागेशनं एकच हुकूम सोडला: जिथं बिरदेव, तिथं देव. चारशे बारा टॅग क्षणात लागले.

फाइल प्रकाशकाकडे गेल्यावर त्यानं यादी उघडली. गायक नऊच. जन्मदात्याला त्यानं देव करून टाकलं होतं, आणि देवांना गायकांच्या यादीत जागा नव्हती.

"फाइल परत मागवू की," टीम लीडर माधवी चहा पीत म्हणाली. "पण चुकांच्या अहवालात तुझं नाव जाईल. मग सोमवारी माझ्या जागी तुझ्याऐवजी सुयोग बसेल."

नागेशनं मूग गिळले. सोमवारी खुर्ची मिळाली, मग तर तोंड उघडायचं कारणच उरलं नाही. असला हा दिवटा.

प्रकाशन निमगाव केतकीला झालं. यादीवरून एकेका गायकाला शाल दिली. प्रकाशनाची बातमी ऐकून नवा पटका बांधून आलेला बिरदेव वाट बघत होता. नऊ नावं संपली. पाहुणे भाषणाला उठले आणि म्हणाले, "बिरदेवाच्या नावानं..." तसा म्हातारा लगबगीनं मंचाची पायरी चढला.

"आबा, देवाचं नाव घेतलंय, तुमचं न्हाय!" कुणीतरी ओरडलं. मांडव खदखदून हसला. लोक बघत होते म्हणून नागेशही हसला.

परतताना मोटरसायकलवर मागून कुजबुज आली, "माजं नाव कुनी गाळलं रं?"

"पुन्याच्या लोकांनी, आबा."

कळसला बिरोबाच्या देवळापाशी बापानं गाडी थांबवायला लावली. पायरीवर कपाळ टेकून तो घोगऱ्या घशानं म्हणाला, "देवा, माजा आवाज नेलास, मी काय बोललो न्हाय. पर ज्यानं माजं नाव खाल्लं त्याचं वाटुळं कर. त्याला पोराच्या तोंडनं कदी आबा ऐकू येऊ नगं."

मग त्यानं पोराला हात धरून खाली बसवलं. "तू बी म्हन. माजा आवाज देवापतुर जात न्हाय."

नागेशनं हात जोडले आणि सगळं मोठ्यानं म्हटलं.