तिच्या बाजूचा खळगा

सोफे भरायच्या त्या कारखान्यात नव्या माणसाची ओळख करून घ्यायची एक रीत होती. कोपऱ्यात एक जुनी खुर्ची होती. तिला गादी नव्हती, नुसते आडवे-उभे पट्टे, आणि तेही सैल पडलेले. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नव्या माणसाला तिच्यात बसवायचं आणि बाकीच्यांनी विचारत सुटायचं. घरी कोण कोण? पाळलंय काय? फावल्या वेळात काय करता? बोलता बोलता माणूस खाली खाली जायचा. गुडघे नाकाशी आले की ओळख संपली.

"खोटं बोलणारा लवकर बुडतो हं," फोम कापणारा लांब्या म्हणाला. "आम्ही बघितलंय."

"तू तर पार जमिनीला टेकला होतास," शिलाईवाली ताई म्हणाली. "काका, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. बसा."

काका बसले. या वयात दुसऱ्याकडे नोकरी करायची पाळी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं छोटं दुकान होतं. ते सोफे भरायचे, बायको कापड शिवायची. ती गेल्यावर मशीन बंद पडलं, आणि ते बंद मशीन समोर ठेवून काम करणं काही त्यांना जमलं नाही. दुकान विकलं आणि इथे आले. इथे कोणाला काही ठाऊक नव्हतं.

"घरी कोण असतं?" ताईने विचारलं.

"मी, आमची ही, आणि एक बोका."

बोलून गेले आणि मग जीभ चावली. वर्ष होत आलं होतं तिला जाऊन. आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. पण ताईने पुढचं विचारलंसुद्धा. "काकू काय करतात?"

आणि काकांच्या तोंडून भडाभडा यायला लागलं. ही शिवते. विणते पण. सध्या पिवळी लोकर घेतलीय. रेडिओ लावल्याशिवाय हात चालत नाही तिचा. बोक्याला ती साहेब म्हणते, कारण तो घरात काही करत नाही आणि सगळ्यांवर नजर ठेवतो. सगळे हसले. लांब्याने तर मांडीवर थाप मारली. काका निम्मे खुर्चीत गेले होते, पण वर्षभरात पहिल्यांदा त्यांना छाती मोकळी वाटत होती.

मिस्त्री या सगळ्यांचे मुख्य. ते कमी बोलायचे. शेवटी त्यांनी काकांना हात देऊन वर ओढलं. "आमच्याकडे ओळख दोनदा होते. एकदा या खुर्चीत, आणि एकदा तुमच्या घरी. नोकरी पक्की झाली की आम्ही सगळे येतो आणि तुमच्या घरची एक बैठक नवी भरून देतो. फुकट. सोफेवाल्याच्या घरचा सोफा नेहमी फाटका असतो, आम्हाला माहीत आहे."

काकांना घरचा सोफा आठवला.

घरी एकच सोफा होता, दोघांपुरता. डावीकडे ते बसायचे, उजवीकडे ती. इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंना दोन खळगे पडले होते. पण माणूस बसायचा थांबला की चांगला फोम हळूहळू वर येतो. सगळा नाही, पण येतो. हे काकांना हाताने माहीत होतं, आणि आज माहीत नसतं तर बरं झालं असतं. रोज सकाळी ते तिच्या बाजूवर तळवा टेकवून बघायचे. रोज खळगा किंचित उथळ लागायचा. तिचं वजन घरातून कणाकणाने निघून चाललं होतं. त्या जागेवर ते कोणाला बसू द्यायचे नाहीत. सख्खा भाऊ आला तर त्यालाही लाकडी खुर्ची दिली होती.

ओळख झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. खळगा वर आला नव्हता.

त्यानंतर रोजचंच झालं. कारखान्यात शिरलं की ताई विचारायची, "काय म्हणतायत काकू?" मग काका काहीतरी सांगायचे. काल पाय दुखत होते म्हणाली. माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं, वर चार गोष्टी ऐकवल्या. लांब्या म्हणायचा, "चारच? आमच्याकडे बटण राहतं बाजूला, गोष्टीच जास्त." आणि सगळे कामाला लागायचे.

इकडे घरात तिची बाजू दबत चालली. पंधरवड्यात हाताला स्पष्ट लागायला लागलं. महिन्याने डोळ्यांनाही दिसलं. काका घाबरले, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं. संध्याकाळी ते दमून यायचे, रेडिओ लावायचे, सोफ्यावर टेकायचे आणि त्यांचा डोळा लागायचा. त्या पेंगेत त्यांना रोज ऐकू यायचं, "आज काय झालं कारखान्यात?" तिचेच शब्द. दुकान असतानाही ते गिऱ्हाइकाकडून परत आले की ती असंच विचारायची. काका झोपेतच सगळं सांगायचे. जागे व्हायचे तेव्हा खोलीत अंधार असायचा, रेडिओ चालू असायचा आणि सोफ्याच्या उजवीकडच्या हातावर बोका बसलेला असायचा.

ती विणत असली की बोका तिथेच बसायचा. मांडीत सुया टोचतात म्हणून मांडीत नाही, खळग्याला वळसा घालून तिच्याशेजारच्या हातावर. ती गेल्यावर तो सोफ्यावर चढायचाच बंद झाला होता. आता पुन्हा चढायला लागला होता.

एकदा कारखान्यात ताईने काकांच्या बाहीवरून चिमटीत काहीतरी उचललं. पिवळ्या लोकरीचा धागा. "काकूंचं विणकाम जोरात आहे वाटतं!"

काकांच्या अंगावर काटा आला. विणकामाची पिशवी तिच्या बाजूलाच ठेवलेली होती, वर्षभर कोणी उघडली नव्हती. ते त्या बाजूला जात नव्हते. सकाळचा तळवा सोडला तर नाहीच.

त्या दिवशी ते दोनदा मिस्त्रींपर्यंत गेले आणि परत फिरले. खरं सांगितलं तर दुसऱ्या सकाळी फोम वर आलेला असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी तिला एकदा पोचवलं होतं. पुन्हा पोचवायची त्यांच्यात ताकद नव्हती.

नोकरी पक्की झाली तेव्हा त्यांनी आधीच सांगून ठेवलं, "ही बहिणीकडे गेलीय. आली की बोलावतो." ताई हो हो म्हणाली आणि तिने लांब्याकडे बघून डोळा मारला, तो काकांना दिसला नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बेल वाजली. काका सोफ्यावर पेंगत होते, ते धडपडत उठले. दारात तिघेही उभे होते. लांब्याच्या खांद्यावर फोमचा नवा तक्ता, मिस्त्रींच्या हातात हत्यारांची पिशवी.

"काकूंना कळूच द्यायचं नाही, असं ठरवलंय आम्ही," ताई आत शिरत म्हणाली. "बहिणीकडून येतील तेव्हा बैठक तयार! अगं बाई, हेच का ते साहेब?"

बोका खिडकीत बसून त्यांच्याकडे बघत होता. काका काही बोलणार एवढ्यात मिस्त्री सोफ्याशी वाकले आणि त्यांनी उजव्या बाजूवर तळवा ठेवला.

"वहिनी बहिणीकडे म्हणालात ना?"

"हो."

"मग ही जागा गरम कशी?"

लांब्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने सुरी काढली. "हीच बाजू ना? पार बसलीय की हो. काकू दिवसभर हलत नाहीत वाटतं इथून." त्याने शिवणीत सुरीचं टोक घातलं.

काकांनी झडप घालून त्याचं मनगट धरलं. "नको. हात लावू नकोस तिला."

"अहो काका, लागेल सुरी!"

"ती गेली." काकांचा आवाज फाटला. "तुमच्याकडे आलो त्याच्या आधीच गेली. वर्ष होऊन गेलं. मी खोटं बोललो."

ताईचा हात तोंडावर गेला. "मग ते बटण... ती लोकर..." ती म्हणाली आणि थांबली. लांब्याने सुरी मिटली आणि कुठे ठेवू असं झाल्यासारखी पाठीमागे धरली.

मिस्त्री मात्र अजून वाकलेलेच होते. त्यांनी तळवा उचलला आणि डाव्या बाजूवर टेकवला. दाबला. परत दाबला.

"ही कुणाची जागा?"

"माझी."

"इथे कित्येक महिने कोणी बसलेलं नाही, काका."

काकांनी वाकून हात लावला. फोम वर आला होता. घट्ट, थंड, कोणाचाच नसलेला. एवढे दिवस ते रोज तिची बाजू तपासत होते. स्वतःची तपासायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. कोण तपासतं?

मग रोज संध्याकाळी ते कुठे बसत होते, हे त्यांच्या लक्षात आलं. पिवळी लोकर बाहीला कशी लागली, तेही. तिच्या जागेवर बसून ते डावीकडच्या रिकाम्या जागेला विचारत होते, आज काय झालं कारखान्यात? आणि उत्तर त्यांना ऐकू येत होतं. त्या घरातून ती गेली नव्हती. गेले होते ते स्वतः.

ताईने डोळे पुसले. "काका, इतक्या दिवसांत काकूंचं आम्हाला सगळं कळलं. चहात साखर किती तेसुद्धा. पण तुम्हाला काय आवडतं हो? तुम्ही कधी सांगितलंच नाही."

काकांना खरंच आठवेना.

"बसा," मिस्त्री म्हणाले. "खुर्ची इथे नाही, पण चालेल. तुमच्या जागेवर बसा आणि सांगा. घरी कोण असतं?"

काका डाव्या बाजूला बसले. बैठक टणक लागली, परक्याच्या घरी बसल्यासारखी. ते जराही खाली गेले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडलं.

"मी," ते म्हणाले. "मी, आणि एक बोका."

आता फोम वर येईल, या भीतीने ते शेजारी बघत राहिले. लांब्यासुद्धा तिकडेच बघत होता. खळगा होता तसाच होता.

आपलं नाव निघालं म्हणून की काय, बोका खिडकीतून उतरला. सोफ्यावर चढला, काकांच्या मांडीवरून पलीकडे गेला आणि खळग्याच्या काठाशी थांबला. तिथे कोणीच नव्हतं. तरी त्याने त्यात पाय टाकला नाही. मागच्या कडेने नीट वळसा घालून तो उजवीकडच्या हातावर जाऊन बसला आणि डोळे मिटून घुरघुरायला लागला.

लांब्याने फोमचा तक्ता उचलला आणि दाराबाहेर नेऊन ठेवला.