सहावी खोली

“फुकटात पाचच खोल्या काढता येतात,” धाकटा म्हणाला आणि त्याने माझी खोली पुसून टाकली.

पुसली म्हणजे काय, माउसची नुसती टिचकी मारली. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता, त्यात घराचा नकाशा काढायचा प्रोग्रॅम उघडलेला आणि भोवती अख्खं घर जमलेलं. धाकटा भाऊ, भावजय, पुतण्या, पुतणी. मागे उभी मी, कारण खुर्च्या चारच.

“माझीच का रे?” मी विचारलं.

“अगं ताई, तात्पुरती. प्रिंट काढली की त्यावर पेनने काढतो ना तुझी. एवढंसं तर काम.”

घरामागच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या वाढवायच्या ठरल्या होत्या, एक पुतण्याला आणि एक मला. आधीच्या चार, म्हणजे हॉल, स्वयंपाकघर, त्या दोघांची आणि मुलांची, या दोन, मिळून सहा. बाथरूमला तो प्रोग्रॅम खोली धरत नव्हता, एवढी त्याची कृपा. थोडे पैसे भरले की सहावी काढता येईल, असं तिथेच खाली लिहिलं होतं. पण आमच्या धाकट्याचं ब्रीद एकच, फुकट ते पौष्टिक. “लोकं अख्खे बंगले काढतात यात, आणि आपल्याला एका खोलीसाठी पैसे भरायचे?” असं म्हणून त्याने विषय संपवला.

हा त्याचा तिसरा प्रोग्रॅम. पहिला फार हुशार होता, एक भिंत काढायला पंधरा प्रश्न विचारायचा. आठवडाभर धाकटा त्याच्याशी झटला आणि शेवटी जे घर उभं राहिलं, त्याचं दार छताला होतं. दुसऱ्यात घर गोल फिरवून बघता यायचं. भावजय त्यात अशी रमली की तीन संध्याकाळी नुसते पडदे बदलत बसली. मग त्याची फुकटाची मुदत संपली आणि पडद्यांसकट घर गेलं. दर वेळी घर पहिल्यापासून काढायचं, आणि दर वेळी माझी खोली सगळ्यात शेवटी. पहिल्यात तिला दोन खिडक्या होत्या. दुसऱ्यात एकच उरली, कारण दुसरीच्या जागी पुतण्याचं कपाट आलं. तिसऱ्यात खोलीच गेली.

बरं, पुसल्यावर ती जागा रिकामी तरी राहावी. तीही राहिली नाही. मधली भिंत गेल्याबरोबर हॉल आपोआप मागपर्यंत पसरला.

“अय्या, केवढा मोठा दिसतोय,” भावजय म्हणाली. “इथं एक सोफा टाकून बघा ना. नुसतं बघायला हं, ताई.”

सोफा टाकला. पुतणीने शेजारी कुंडी ठेवली. सगळ्यांना आवडलं.

मी हॉस्पिटलात ऑपरेशनची अवजारं धुऊन, वाफेच्या यंत्रातून काढून, मोजून पुडक्यात बांधते. एक चिमटा कमी भरला तर आतून सर्जन ओरडतो, आणि ओरडायलाच हवं. आजवर माझ्या हातून चिमटा सुटलेला नाही. या घराने मात्र अख्खी बाई सोडली.

आता धाकटा आणि भावजय ज्या खोलीत झोपतात, ती माझी होती. त्याच्या लग्नाच्या वेळी आई म्हणाली, “सध्या दे गं त्यांना. मागे एखादी वाढवूच आपण.” दिली. मग आई गेली. दोन मुलं झाली, त्यांच्या पाळण्यापासून सायकलीपर्यंत सगळ्याला जागा झाली. मी हॉलमधल्या दिवाणावर. टीव्ही बंद होईल तेव्हा माझी रात्र. रात्रपाळी करून दुपारी जरा पडावं, तर पाहुणे आधी माझ्या पायाशी टेकतात आणि मग विचारतात, “बरं नाही का हो?”

धाकटा वाईट नाही. वाईट असता तर भांडायला सोपा गेला असता. मी आजारी पडले की औषध आणतो, रिक्षा बोलावतो, चारचौघांत ‘आमची ताई म्हणजे घराचा खांब’ असं सांगतो. खांबाला खोली कशाला लागते?

प्रिंटची मी त्याला दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा “हो गं, आहे लक्षात” म्हणाला.

त्या दिवशी सकाळची पाळी संपवून घरी आले तर मागे पांढऱ्या फक्कीच्या रेषा पडलेल्या. मिस्त्री दोन माणसांना खणायची जागा दाखवत होता. मी रेषांवरून नजर फिरवली. परत फिरवली.

“मिस्त्री, दुसरी खोली कुठंय?”

“दुसरी कुठली? कागदात एकच आहे. बाकी सगळा हॉल वाढतोय.” त्याने प्रिंट पुढे केली. छान रंगीत होती. माझ्या खोलीच्या जागी सोफा, सोफ्याशेजारी कुंडी. पेनाची एक रेघ नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्याने कामासाठी सुट्टी घेतली होती. त्याला हाक मारली. मागोमाग भावजयही आली. धाकट्याने कागदाकडे पाहिलं आणि जीभ चावली.

“अरे हो, राहिलंच बघ.”

कोपऱ्यावरून दूध आणायचं राहावं, तसं म्हणाला.

“मग आता काढ.”

“आता कसं काढू? मिस्त्रीने सगळा माल या मापाने सांगितलाय. आणि खरं सांगू का ताई, तुला सारखी ड्यूटी. ती खोली नुसती बंद पडून राहणार.”

“हॉल मोठा झाला तर तुम्हालाच ऐसपैस,” भावजय म्हणाली. “दिवाणाला पडदा लावू आपण. चांगला जाडसर.”

“पडद्याला कडी नसते,” मी म्हणाले.

मी प्रिंटची घडी करून धाकट्याच्या हातात दिली.

“ठीक आहे. नवी राहू दे. माझी जुनी द्या.”

“जुनी कुठली?” धाकट्याने विचारलं.

याचा मला सगळ्यात जास्त राग आला. तो नाटक करत असता तर मी ते सहन केलं असतं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

“तू झोपतोस ती,” मी म्हणाले. “तुझ्या लग्नात मी दिलेली. मागची खोली पोराला, हॉल सगळ्यांना, आणि तुम्ही दोघं दिवाणावर. पडदा लावा. चांगला जाडसर.”

तो हसला. “काहीतरीच काय, ताई.”

मी हसले नाही. माझा आवाज चढला होता. शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायची थांबली. थांबू दे. इतकी वर्षं मी हळू बोलले, त्यात माझ्या तोंडाला पानंच पुसली गेली.

मी आत गेले. दिवाणाखालची माझी ट्रंक फरफटत त्यांच्या खोलीत नेली, दार लोटलं आणि कडी घातली. कडी घट्ट होती. तळहाताने ठोकावी लागली.

“ताई, उघड ना. बसून बोलू,” बाहेरून धाकटा म्हणाला.

“ताई, माझा फोन आत राहिलाय,” भावजय म्हणाली.

मग मागून मिस्त्रीचा आवाज आला. “साहेब, खणायचं का थांबायचं?”

  ज्यांनी नकाशा काढला त्यांनी त्याला उत्तर द्यावं.

अंगावर अजून हॉस्पिटलचा गणवेश होता. ट्रंकेतून धुतलेले कपडे काढले आणि बदलायला लागले. आमच्या बाथरूममध्ये फरशी सदा ओली, खुंटी एकच आणि तिच्यावर सगळ्यांचे टॉवेल. म्हणून कोरडे कपडे हनुवटीखाली दाबायचे आणि एका पायावर उभं राहून बदलायचं, ही माझी रीत. इथे पलंग होता, खुर्ची होती, फरशी कोरडी होती. मान अवघडली तेव्हा लक्षात आलं, कपडे मी हनुवटीखालीच धरले होते.