हेच का ते झाड

मिस्त्रीला लाकडातलं कळत नाही असं कोणी म्हणालं असतं, तर त्याने रंधा खाली ठेवून आधी त्या माणसाला दुकानाबाहेर काढलं असतं. डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी फळी कशाची आहे हे तो सांगायचा, आणि कोणी विचारलं नाही तरीही सांगायचा. त्यामुळे रविवारी सकाळी बागेतल्या मॅडमनी हातात कापडी पट्ट्या घेऊन "आज डोळे बांधून झाडाची ओळख करून घ्यायची" असं जाहीर केलं, तेव्हा त्याला हसूच आलं. हा तर डाव्या हातचा मळ!

ते हसू फार टिकलं नाही, कारण पट्टी बांधायला मागे बायको उभी होती.

गुरुवारी जेवताना तिने सांगितलं होतं, की रविवारी चारच्या गाडीने मी बहिणीकडे चालले आहे. किती दिवस, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, "दिवस ठरवून जात नाहीये." आवाज चढलेला नाही, डोळ्यांत पाणी नाही. भांडली असती तर त्याला काहीतरी सुचलं असतं, भांडणात तो वस्ताद. पण इतक्या वर्षांच्या संसारात ती कधी भांडलीच नव्हती. तो जे म्हणेल त्याला 'हो' म्हणायची आणि मोकळी व्हायची. आपला संसार किती गुण्यागोविंदाने चाललाय, असं तो चारचौघांत सांगतही असे. मग मुलगी शिकायला बाहेर गेली, घरात दोघंच उरली, आणि आता हे.

बागेच्या या निसर्गफेरीत दोघांची नावं तिनेच मागे कधीतरी घातली होती. शनिवारी बागेतून फोन आला, उद्या येताय ना? ती हो म्हणाली. जायचंच आहे तर झाडं कशाला बघायची, हे विचारायची मिस्त्रीची काही छाती झाली नाही. तो मूग गिळून तिच्याबरोबर आला.

खेळ सोपा होता. जोडीतल्या एकाचे डोळे बांधायचे. दुसऱ्याने त्याला आडवळणाने फिरवत एका झाडाशी न्यायचं. त्याने ते झाड हातांनी नीट पाहून घ्यायचं, तसंच फिरत परत यायचं, पट्टी सोडायची, आणि मग उघड्या डोळ्यांनी तेच झाड हुडकून काढायचं. "नेणाऱ्याने बोलायचं नाही हं," मॅडम म्हणाल्या, "फक्त हात धरायचा."

बायकोने त्याचं कोपर धरलं. तिने याआधी कधी धरलं होतं, ते त्याला आठवेना. पायाखाली खडी लागली, मग गवत, मग उतार. दोनदा तरी ती त्याला उलट फिरवून घेऊन आली, असं वाटलं. शेवटी तिने त्याचे दोन्ही हात उचलून एका बुंध्यावर ठेवले.

आणि मिस्त्री गडबडला. लाकूड त्याच्या ओळखीचं होतं ते आतून. साल ही चीज त्याने जन्मभर कचऱ्यात टाकली होती. खरखरीत, भेगाळलेलं असं काहीतरी हाताला लागत होतं, आणि त्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं. त्याने बुंध्याला मिठी मारून पाहिली, खाली वाकून मुळं चाचपली. मग छातीच्या उंचीवर त्याला एक खाच लागली. अंगठा बसेल एवढीच, कडा फुगून आलेल्या, आत मात्र रंधा मारल्यासारखी गुळगुळीत. कधीतरी घाव बसला असणार, आणि झाडाने तो आपला आपणच भरत आणला होता. तिथे त्याचा हात थांबला. हिने जाऊ नये, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पट्टी होती म्हणून बरं.

परत आल्यावर पट्टी सुटली, आणि समोर बघतो तर सगळी झाडं सारखीच! एकाच जातीची, एकदमच लावलेली, ओळीत उभी. आजूबाजूला आनंदीआनंद चालला होता. एका आजीबाईंना आपलं झाड झटक्यात सापडलं, एक जाडगेला गृहस्थ तर झाडाशी हस्तांदोलन करून आला. मिस्त्री या ओळीतून त्या ओळीत फिरत राहिला. मघाशी खडी कुठे लागली होती? उतार आधी की गवत आधी? डोळे उघडे असून त्याला काही दिसत नव्हतं.

"मिस्त्री, तुमचा तर धंदाच लाकडाचा!" तो जाडगेला गृहस्थ ओरडला.

झालं. आता माघार घेणं शक्य नव्हतं. त्याने एक चांगलं दणकट खोड हेरलं, त्यावर थाप मारली आणि ठणकावून म्हणाला, "हेच!"

"हो, हेच," बायको म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम सगळ्यांना घेऊन तळ्याकडे निघाल्या. मिस्त्रीने जाता जाता बुंध्यावर हात फिरवला. खाच नव्हती. त्याने मागून पाहिलं, खालून पाहिलं, चारी बाजूंनी चाचपलं. खाच नाही म्हणजे नाही. मग ही हो कशी म्हणाली? खाच आपल्याला नुसतीच भासली? की चारचौघांत नवऱ्याची लाज राखली हिने? की एकदाचं हे संपावं आणि चारची गाडी गाठावी, एवढंच होतं तिच्या मनात? डोकं चक्रावून गेलं.

"अगं, हे ते नाही."

"बरं, नसेल."

"पण तू हो म्हणालीस!"

"तुम्ही हेच म्हणालात, म्हणून हो म्हणाले."

"मग खरं कुठलं?"

तिने एकदा या ओळीकडे पाहिलं, एकदा त्या ओळीकडे. "मला नाही माहीत," ती हळूच म्हणाली. "कुठल्या झाडाशी नेलं, ते मी बघितलंच नाही. बॅगेत काय काय भरायचं राहिलंय, ते आठवत होते."

मिस्त्रीला हे लागलं. झाड माहीत असणारा माणूस आता जगात एकच होता, आणि तो तर आंधळा होऊन गेला होता. काय करावं ते सुचेना, तेव्हा त्याने सरळ डोळे मिटले आणि हात पुढे करून पहिल्या झाडापासून सुरुवात केली.

"अहो, लोक बघताहेत."

"बघू देत."

दुसऱ्याच झाडाशी तो मुळाला अडखळला. पुढच्या झाडापासून त्याच्या कोपराला तिचा हात होता. एक ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत, मधेच कुठेतरी, त्याचा अंगठा अलगद आत गेला. त्याने डोळे उघडले. एवढीशी खाच, सालीच्या भेगांत नुसत्या डोळ्यांना दिसलीही नसती.

"हेच ना?" त्याने सवयीने विचारलं, आणि सवयीनेच तिच्या 'हो'ची वाट पाहिली.

"खरंच माहीत नाही मला," ती म्हणाली.

हे ऐकून बरं वाटावं की वाईट, तेही त्याला उमगेना. तेवढ्यात तीच एकदम म्हणाली, "एकदाही थांब म्हणाला नाहीत तुम्ही मला. गुरुवारपासून बघतेय."

"थांब म्हटलं तर तू हो म्हणशील," मिस्त्री म्हणाला. "मग ते मनापासूनचं, की नुसतंच हो, हे मला कसं कळायचं?"

मिस्त्रीने खाचेतला अंगठा काढून घेतला.

"चारच्या गाडीचं तुझं तू ठरव. मी इथे उभा आहे."

ती झाडाच्या बुंध्याशी मटकन खाली बसली आणि तिने ओंजळीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय, हे मिस्त्रीला कळेना, आणि या वेळी त्याने कळल्याचा आव आणला नाही.