तेलाचं औषध

मरोळ गावठाणाला लागून कापड रंगवायचा, डाइंगचा कारखाना उभा राहिला आणि विन्सेंटला तिथे बॉयलरवर नोकरी लागली. गावाने त्याला नशीबवान ठरवलं. चिमणीच्या सावलीतच त्याचं घर, आणि घरात दम्याने वाकलेली बायको, ज्युलिया.

"तुझ्या त्या आगीला जरा समजव ना रे," ती खोकता खोकता म्हणायची.

"अगं, तेलच काकवीसारखं. नीट फवारत नाय. जाड जाड थेंब उडतात, अर्धेच जळतात, बाकी काजळी. त्याला कोण काय करणार?"

हे तो मनापासून बोलायचा.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात सरकारी साहेब धूर तपासायला आले. त्या सकाळी मॅनेजर चंद्रप्रकाशने विन्सेंटच्या हातात एक डबा दिला. "हे औषध तेलात टाक." विन्सेंटने टाकलं, बर्नर पेटवला आणि बॉयलरच्या काचेतून बघतच राहिला. तेल धुक्यासारखं बारीक उडत होतं. रोजचा लाल, धुरकट जाळ पिवळाधमक झाला होता. चिमणी चालू आहे की बंद, बाहेरून कळेना.

संध्याकाळी ज्युलिया खिडकीत बसलेली. "आज काय केलंस रे?"

"तेलाला औषध दिलं."

ती हसली. "बघ, तेलाला लगेच लागू पडलं! उद्यापण देशील ना?"

"देणार ना."

दुसऱ्या दिवशी डबा कपाटात, कपाटाला कुलूप.

"साहेब, ते औषध... घरी बायको खोकते."

"इन्स्पेक्शन झालं ना? वाफ मिळते, कापड रंगतं, मग कशाला? बायकोला खोकला असेल तर गावाला पाठव."

"साहेब, हेच आमचं गाव."

"मग गावाला सांग नाक दाबून बस. पेटवतोस, की दुसरा माणूस बघू?"

उपाय कुलपाआड आणि काजळी माणसांच्या छातीत. याला हे हलकट लोक धंदा म्हणतात.

विन्सेंटने बॉयलर पेटवला.

घरी आला तेव्हा खिडकी बंद होती. ज्युलिया खाटेवर पडून होती. "सकाळपासून उठताच आलं नाय रे मला. औषध टाकलंस ना?"

"टाकलं."

"मग खिडकी उघड ना. जीव गुदमरतोय."

त्याने कडीवर हात ठेवला. फटीतून आलेली काजळी चौकटीवर साचली होती.

"वारा सुटलाय गं बाहेर."

"वाराच तर पायजे."

हात हलेना. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"राहू दे," ती शेवटी म्हणाली आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "मला थंडी वाजतेय." तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.