खिळ्याला टांगलेला कॅमशाफ्ट

मित्रांनो, मी एक जुना कॅमशाफ्ट आहे, म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा लोखंडी दांडा. माझ्या अंगावरचे उंचवटे झडपांना ढकलतात, तेव्हा कुठे इंजिन श्वास घेतं. सध्या मी ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला असतो.

माझे उंचवटे शर्यतीच्या नियमापेक्षा केसभर जास्त उंच ठेवले गेले, म्हणजे इंजिन जास्त श्वास घेणार आणि गाडी जास्त पळणार. मला घासून आकार देणाऱ्या कारागिराने कारण विचारलं नाही आणि मला बनवून घेणाऱ्या वेंडेलने ते सांगितलं नाही. वेंडेलची धाकटी बहीण नोरीन सरळ रस्त्याच्या पट्ट्यावरच्या हौशी शर्यतींत गाडी पळवायची आणि थोडक्यात हरायची. त्याला ते बघवेना. इंजिन तोच बांधायचा. त्याने मला गुपचूप आत बसवलं. नोरीनने झाकण उघडून कधी पाहिलं नाही. भावावर तिचा भरवसा होता.

मग ती जिंकू लागली. "इतकी वर्षं आमचा धूर खाल्लास, आता पंख फुटले का गं?" असं बाकीचे गाडीवाले चिडवत. टाळ्या तिला मिळत, शाबासकी वेंडेलला. मी तेलात फिरत होतो. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत ती पहिली आली. या शेवटच्या शर्यतीचा रिवाज असा, की जिंकणाऱ्याने तपासनिसासमोर आपलं इंजिन स्वतः खोलायचं. नोरीनला पहिला बोल्ट कोणता काढायचा तेही ठाऊक नव्हतं. वेंडेल शेजारून सांगत होता आणि त्याचा आवाज बारीक होत चालला होता. तपासनीस असलेल्या म्हाताऱ्या ओडमसाहेबांनी मला मोजलं, पुन्हा मोजलं आणि चष्मा काढला. चषक तर गेलाच होता. आता लबाड कोण ठरणार, एवढंच बाकी होतं.

"नोरीन, इंजिन कोणी बांधलं?"

तिने भावाकडे पाहिलं. तो चिंधीने हात पुसत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"गाडी मी पळवते," ती म्हणाली. "इंजिन माझं."

तिच्यावर पुढच्या हंगामाची बंदी आली. नियमच तसा आहे, गाडी पळवणारा जबाबदार. मला त्यात काही वावगं दिसत नाही. गावात मात्र लबाड म्हणून तिचं नाव झालं, त्याचं मला वाईट वाटलं.

परतताना मी शर्यतीची गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकमध्ये त्यांच्या पायाशी पडलो होतो. वेंडेल म्हणाला, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू घेशील म्हणून थांबले होते."

बंदी संपल्यापासून नोरीन प्रत्येक शर्यतीआधी इंजिन स्वतः खोलते, स्वतः मोजते. वेंडेल तिच्या हातात पाने देतो. मित्रांनो, आपल्या नावावर जे पळतं, त्याचं झाकण एकदा तरी उघडून पाहा, एवढीच माझी विनंती. त्या दिवशी मी सगळं सांगितलं असतं, पण मला तोंड नव्हतं. वेंडेलला होतं.