लॉगबुकातली एकसष्ट पानं

“बाबा, एवढी पानं फाडा आणि विषय संपवा,” सत्यजित म्हणाला आणि त्याने लॉगबुक सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

श्यामकांतांनी आधी लॉगबुक उचललं, त्याला वरण लागलं नाही ना ते पाहिलं आणि मग भात कालवला. चौतीस वर्षं पोलिसांच्या वायरलेसवर काढलेला माणूस भुकेआधी कागद सांभाळतो.

बायको कुसुम गेल्यावर मुलीने, निशिगंधाने, त्यांना तीन महिन्यांसाठी जर्मनीत झिंडेलफिंगेनला आणलं होतं. जावयाच्या घरी किती दिवस पाहुणचार झोडायचा, हा अवघडलेपणा आठवड्याभरातच बोचू लागला. तेवढ्यात फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, त्यांना रेडिओवरचं बोलणं पकडणारा, हातात मावणारा स्कॅनर दिसला. विकणाऱ्याने खुणांनी बजावलं, आता सगळं डिजिटल झालंय, काही ऐकू येणार नाही. श्यामकांतांनी तरीही घेतला.

विकणारा खोटं बोलला नव्हता. पूर्वी एका चॅनेलवर अख्खा जिल्हा बोलायचा. इथे एक चॅनेल नुसता कारकुनासारखा बसून, कोणी कुठल्या खोलीत जाऊन बोलायचं ते सांगतो, आणि त्या सगळ्या खोल्यांना कुलपं. कारकुनाची गुरगुर तेवढी बाहेर ऐकू येते. रोज दहा ते बारा आणि चार ते सहा श्यामकांत बाल्कनीत ती गुरगुर ऐकत. शेजारचा एखादा चॅनेल जागा झाला की कोणीतरी कामाला लागलंय एवढं त्यांना कळे, आणि तेवढ्याने त्यांना बरं वाटे. वेळ, फ्रीक्वेन्सी, शेरा, सही: रोजचं एक पान भरत होतं.

बाल्कनीच्या कठड्याला बांधलेली अँटेना खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या नजरेत आली आणि इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं. अँटेना कशासाठी, घरात कोणी पोलिसांचं बोलणं ऐकतं का, गुरुवारी येऊन खुलासा करा.

“इथे दुसऱ्याचं रेडिओवरचं बोलणं ऐकणं गुन्हा आहे, बाबा,” सत्यजित म्हणाला. “ आणि तुम्ही वेळेसकट लिहून ठेवलंय. हा पुरावाच झाला ना? आल्झो, म्हणजे बघा, माझा इथे राहायच्या कायमच्या परमिटचा अर्ज आत पडलाय.”

आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतलाय, हे श्यामकांतांनाही कळत होतं. सत्यजित वाईट माणूस नव्हता. आठ वर्षं दर खेपेला फाइल घेऊन परदेशी नागरिकांच्या कचेरीच्या रांगेत उभा राहिलेला, घाबरलेला माणूस होता.

“अँटेना तुमच्या कठड्याला आहे, सत्यजितराव, ती काढतो. सेटही देतो. पान फाडणार नाही.”

हे ‘नाही’ त्यांनी पूर्वी एकदा म्हटलं होतं. पुराच्या दिवशी एका गावाची हाक दुपारी दोन दहाला आली आणि होडी निघाली पाचला. तीन माणसं गेली. साहेबांनी बोलावून पान फाडायला सांगितलं. श्यामकांतांनी फाडलं नाही. मग तीन वर्षांत चार बदल्या झाल्या आणि बढती कायमची राहिली. कुसुमने एकटीने संसार ओढला. ती एकदाच म्हणाली होती, “पान शिल्लक आहे ना? मग झालं.” आता ती नव्हती, आणि जावयाच्या परमिटसाठी तेच पान पुन्हा मागितलं जात होतं. त्यांना सत्यजितचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. लॉगबुक घरी ठेवा, म्हणून निशिगंधाने बसस्टॉपपर्यंत विनवलं. त्यांनी ते काखेतून काढलं नाही.

व्यवस्थापनाच्या बाईंनी एकेक पान उलटलं आणि शेऱ्यांवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय. निशिगंधा वाचून जर्मनमध्ये सांगू लागली. गुरगुर. बोलणं कळलं नाही. गुरगुर. दुसरा चॅनेल उठला, चाळीस सेकंद, बोलणं कळलं नाही. विसावं पान झालं, तरी तिने वाचणं थांबवलं नाही.

काही कळतच नव्हतं तर लिहिलं कशाला, असं बाईंनी विचारलं.

“ऐकू आलं नाही, हेही लिहावं लागतं,” श्यामकांत म्हणाले. “नाहीतर सेटवर कोणी बसलंच नव्हतं असं होतं. सांग त्यांना.”

बाईंनी शेवटचं पान उलटलं. मग म्हणाल्या, अँटेना शुक्रवारपर्यंत उतरवा, कठड्याला काही बांधायचं नाही असा नियम आहे. बाकी, न ऐकू आलेल्या गोष्टींसाठी आमच्याकडे फॉर्म नाही.

निशिगंधा उठली. श्यामकांत उठले नाहीत. त्यांनी लॉगबुक बाईंकडे फिरवून पेन पुढे केलं. तपासणी झाली की तपासणाऱ्याची सही हवी, वेळेसकट. बाईंनी घड्याळ पाहिलं, १०:४७ लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी सत्यजितने घरात पाय ठेवताच विचारलं, फाडली का. निशिगंधाने ती सही त्याच्यासमोर धरली. त्याने ती दोनदा वाचली आणि लॉगबुक दोन्ही हातांनी फळीवर ठेवायला निघाला.

“थांबा,” श्यामकांत म्हणाले. अँटेनाची तार गुंडाळून त्यांनी ती सेटशेजारी ठेवली, चष्मा लावला आणि बासष्टावं पान उघडलं.

१८:०० – अँटेना उतरवली. काही ऐकू येत नाही. ऑपरेटर हजर.

खाली त्यांनी सही केली.